सकाळी हवा, संध्याकाळी नको

या पानावर आपण नेहमी डाऊनी, भुरी, खताची मात्रा आणि छाटणीचे वेळापत्रक यांवर बोलतो. आज बाग तीच, पण विषय निराळा आहे. बागेला हात लावणाऱ्या माणसाबद्दल आज बोलायचं आहे. त्यासाठी तुम्हाला जरा लांब, स्पेन देशात घेऊन जाणार आहे. कंटाळू नका, जायचं आहे ते मांडवाखालूनच.

काही वर्षांपूर्वी मी पॉलीहाऊसच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. शिकवणाऱ्या साहेबांनी पडद्यावर उपग्रहातून काढलेला एक फोटो दाखवला. समुद्राच्या काठाला, डोंगराच्या पायथ्याशी पांढराशुभ्र पट्टा. आम्हाला वाटलं बर्फ असेल, नाहीतर मिठागर. साहेब म्हणाले, "हे प्लास्टिक आहे. स्पेनमधला अल्मेरिया जिल्हा. सुमारे ३० हजार हेक्टरवर हरितगृहं, एकाला एक लागून." सगळा वर्ग तोंडात बोट घालून बघत राहिला. मागून एका शेतकऱ्याने विचारलं, "साहेब, एवढ्याला मजूर कुठून आणतात?" साहेब म्हणाले, "बरेचसे मोरोक्कोतून येतात. मुसलमान लोक आहेत." आणि त्यांनी पुढचा फोटो लावला. तो ढोबळ्या मिरचीचा होता.

मजुरांचा विषय तिथे एका वाक्यात संपला. माझ्या डोक्यात मात्र तो राहिला. पुढे जमेल तसं वाचत गेलो. मी काही स्पेनला गेलेलो नाही. पण जे वाचलं ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण त्यातलं बरंचसं आपल्या बांधावरचं आहे.

मांडवावर अंथरलं प्लास्टिक

अल्मेरिया म्हणजे स्पेनचा आग्नेय कोपरा. युरोपातल्या सर्वांत कोरड्या मुलखांपैकी एक. पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-आटपाडीच्या निम्म्याहूनही कमी धरा. पूर्वी या भागात खायच्या द्राक्षाचे मांडव होते. ओहानेस नावाची जाड सालीची जात लाकडी पिंपात, कॉर्कच्या भुशात भरून बोटीने परदेशी जायची. बाकी जमीन खारी आणि माळरान.

१९५० च्या दशकात तिथल्या सरकारने विहिरी खोदल्या, नव्या वसाहती बसवल्या आणि आजूबाजूच्या डोंगरातली गरीब कुटुंबे तिथे येऊन राहिली. खाऱ्या जमिनीवर त्यांनी नामी तोड काढली. खाली चिकण मातीचा थर, त्यावर शेणखत, आणि वरून चार बोटं वाळू. वाळूमुळे ओल उडत नाही आणि मीठ वर येत नाही. पुढे १९६० च्या दशकात द्राक्षाच्या मांडवाच्या तारांवरच प्लास्टिक अंथरलं गेलं आणि तिथलं हरितगृह तयार झालं. आपले द्राक्ष बागायतदार हे ऐकून नक्की हसतील. तार तीच, मांडव तोच, फक्त वर कागद.

१९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात सामील झाला आणि मोठी बाजारपेठ मोकळी झाली. जर्मनी, फ्रान्स, इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ पडतो तेव्हा अल्मेरियाचा टोमॅटो, काकडी, मिरची आणि वांगी तिथल्या दुकानांत जातात. बहुतेकांची जमीन दीड-दोन हेक्टरच. आधी घरची माणसं काम करायची. पैसा आला तशी पोरं शाळेत गेली, शहरात गेली. प्लास्टिकखाली उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. त्या उकाड्यात वाकून काम करायला घरचं कोणी तयार होईना. तेव्हा समुद्रापलीकडून माणसं यायला लागली.

मोरोक्को आणि स्पेन यांच्यामध्ये सामुद्रधुनी आहे, अरुंद ठिकाणी फक्त १४ किलोमीटर. १९९१ मध्ये स्पेनने मोरोक्कोच्या लोकांना व्हिसा सक्तीचा केला. तरी माणसं येत राहिली, छोट्या होड्यांतून, रात्रीची. कित्येक जण वाटेतच बुडाले. जे पोचले ते बिनकागदाचे. आणि बिनकागदाचा मजूर म्हणजे मजुरी मागताना आवाज न चढवणारा मजूर, हे कोणत्याही देशातल्या मुकादमाला सांगावं लागत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. अल्मेरियाचे लोक स्वतःही पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी परमुलखात गेलेले. त्यांचे आजे-पणजे समुद्र ओलांडून अल्जेरियात, ओरान भागात शेतमजुरीला जात. तो मुसलमानांचाच मुलूख. १९६० मध्ये स्पेनने जर्मनीशी कामगार पाठवण्याचा करार केला आणि लाखो स्पॅनिश माणसं तिकडच्या कारखान्यांत गेली. पोट भरलं की माणूस आपली भूक लवकर विसरतो.

पाट, साखर आणि नारिंग

आता तुम्ही म्हणाल, स्पेन ख्रिस्ती देश, मुसलमान तिथे उपराच. थोडं थांबा. इ.स. ७११ पासून पुढे जवळजवळ आठशे वर्षे स्पेनचा कुठला ना कुठला भाग मुस्लिम राजवटीखाली होता. शेवटचे ग्रानाडाचे राज्य १४९२ मध्ये पडले. या काळात तिथल्या शेतीला जे वळण लागले ते आजही भाषेत दिसते. स्पॅनिश शेतकरी पाटाला 'असेकिया' म्हणतो, तो मूळ अरबी 'साकिया'. रहाटाला 'नोरिया' म्हणतो, तोही अरबी शब्द. आपली संस्कृत 'शर्करा' इराण-अरबस्तानातून फिरत तिथे गेली आणि 'असूकार' झाली. आणि त्यांचं 'नारांहा' हे संत्रं म्हणजे आपलंच नारिंग.

वालेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता चर्चच्या दरवाजात पाण्याचा न्याय होतो. पाटाचं पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले शेतकरीच न्यायाधीश. सुनावणी तोंडी, निकाल जागच्या जागी. या पद्धतीचं मूळ त्या मुस्लिम काळातल्या पाणीवाटपात आहे असं मानतात. २००९ मध्ये युनेस्कोने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्या पांझराकाठच्या फड पद्धतीतल्या म्हाताऱ्या पाटकऱ्याला तिथे नेऊन बसवलं, तर भाषा कळली नाही तरी भांडण कळेल.

मग या पाटांचे मालक कुठे गेले? ग्रानाडा पडल्यावर मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आलं. त्यांच्या वंशजांना मोरिस्को म्हणत. १६०९ ते १६१४ या काळात राजाने त्यांनाही, सुमारे तीन लाख लोकांना, देशाबाहेर घालवलं. वालेन्सियाच्या हुकुमात एक कलम होतं. शंभर घरांमागे सहा घरं ठेवायची मुभा होती. कशासाठी? घरं, साखरेची गुऱ्हाळं, भाताचं पीक आणि पाट सांभाळायला, आणि नव्याने येणाऱ्या लोकांना ते काम शिकवायला! माणूस नको, पण त्याच्या हातातलं कसब हवं. शेवटी बहुतेक सगळे गेलेच, आणि त्या भागातली कित्येक गावं ओस पडली.

हे चारशे वर्षांपूर्वीचं झालं. आता अलीकडे या.

फेब्रुवारी २००० चे तीन दिवस

अल्मेरिया जिल्ह्यात एल एहिदो नावाचं गाव आहे. हरितगृहांच्या पैशावर मोठं झालेलं. जानेवारी २००० मध्ये तिथे दोन स्थानिक शेतकऱ्यांचा खून झाला. आरोपी मोरोक्कोचा मजूर. गाव आतून धुमसत होतं. त्यात ५ फेब्रुवारीला जवळच्या एका वस्तीच्या बाजारात एका तरुणीचा खून झाला. मारणारा मोरोक्कोचाच, मनाने आजारी असलेला तरुण होता. त्याला पोलिसांनी पकडलं. पण जमावाला एक माणूस पुरला नाही.

पुढचे तीन दिवस काठ्या आणि लोखंडी गज घेऊन लोक रस्त्यावर होते. रस्ते अडवले, मोरोक्कन लोकांची दुकानं, खाणावळी फोडल्या, गाड्या उलथवल्या, मशिदीवर हल्ला केला, मजुरांच्या झोपड्या पेटवल्या. ज्यांनी कोणाला बोटही लावलं नव्हतं अशी शेकडो माणसं डोंगरात आणि हरितगृहांत लपून बसली.

मग आणखी एक गोष्ट घडली. मजुरांनी संप केला. फेब्रुवारी म्हणजे तिथला भर हंगाम. मिरची झाडावर, काकडी वेलावर, आणि तोडायला माणूस नाही. आठवडाभरात बोलणी झाली. नुकसानभरपाई, राहण्याची घरं, कामाचे कागदपत्र असं बरंच काही मान्य झालं. पण तोडणी सुरू झाली तशी घाई संपली. घरांचं आश्वासन तर बहुतांशी कागदावरच राहिलं.

त्या काळातल्या तिथल्या महापौरांच्या नावावर एक उद्गार सांगितला जातो. सकाळी आठ वाजता कितीही परदेशी मजूर आले तरी कमीच पडतात, आणि संध्याकाळी आठ वाजता ते सगळेच्या सगळे जास्त होतात, अशा अर्थाचा. बोलणाऱ्याने कोणत्या मनाने म्हटलं ते बाजूला ठेवू. पण हे वाचलं तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. कारण हे मी मराठीत ऐकलेलं आहे.

रोग पानावर, कारण मुळाशी

पान पिवळं पडलं की आपण फवारणीकडे धावतो. पण आधी मूळ उकरून बघावं, हे मी तुम्हाला नेहमी सांगतो. इथेही तसंच. धर्म वेगळा म्हणून भांडण झालं, असं म्हणणं म्हणजे पान बघून औषध मारणं झालं. धर्माचा भाग होताच, पण मुळाशी काय होतं ते बघा.

हे मजूर राहत कुठे होते? गावात नाही. गावात त्यांना भाड्याने घर मिळत नसे. पैसे असले तरी नाही. मग ते हरितगृहांच्या मधे मोडक्या वाड्यांत, औजारांच्या खोलीत, नाहीतर लाकूड-प्लास्टिकच्या झोपडीत राहायचे. बऱ्याच ठिकाणी नळ नाही, संडास नाही, वीज नाही. सकाळी अंधारात सायकलवरून रस्त्याच्या कडेने कामाला, संध्याकाळी तसंच परत. गावकऱ्याला ते दिसायचे फक्त कामावर किंवा रस्त्यावर. किराणा दुकानात नाही, शाळेच्या दारात नाही, कोणाच्या ओट्यावर नाही.

ज्या माणसाला तुम्ही नळापासून लांब ठेवता, त्यालाच तुम्ही घाणेरडा म्हणता. ज्याला घर देत नाही, त्यालाच रस्त्यावर टोळक्याने उभा राहतो म्हणता. ज्याला भाषा शिकायला वेळ आणि जागा नाही, त्याला मिसळत नाही म्हणता. पूर्वग्रह असा स्वतःच्या पुराव्याचं पीक स्वतःच काढतो.

हे फक्त अल्मेरियात नाही. पश्चिमेकडे वेल्वा भागात स्ट्रॉबेरीची मोठी लागवड आहे. तोडणीला दरवर्षी मोरोक्कोतून हजारो बाया कराराने आणतात. निवड करताना घरी लहान मुलं असलेल्या बायांना पसंती दिली गेली. मुलांच्या ओढीने त्या परत जातील, ही हमी! २०१८ मध्ये त्यांतल्या काही जणींनी पिळवणुकीच्या आणि लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या, तेव्हा हा विषय जगापुढे आला. त्याच भागातल्या मजूर वस्त्या २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दारिद्र्यविषयक प्रतिनिधी फिलिप आल्स्टन यांनी पाहिल्या. जगात पाहिलेल्या सर्वांत वाईट वस्त्यांत त्यांनी त्या धरल्या. स्ट्रॉबेरी मात्र पहिल्या प्रतीची.

दुसरी बाजूही बघू

आता गावकऱ्यांचं म्हणणं अजिबात खोटं होतं का? नाही. खून खोटे नव्हते. तीन घरं बसली, त्यांचं दुःख कोणीही हलकं करू नये. दहा-पंधरा वर्षांत गावात एकदम हजारो अनोळखी तरुण आले, बायका-मुलांशिवाय, भाषा न कळणारे. भीती वाटणं माणसाचा स्वभाव आहे. आणि जो येतो त्याच्यावरही जबाबदारी असतेच. तिथली भाषा शिकावी, कायदा पाळावा, मुलीला मुलाइतकंच शिकवावं, बाईमाणसाचा मान ठेवावा. हे मागण्यात गैर काही नाही.

पण गुन्हा करणाऱ्याला शिक्षा करा, हे म्हणणं वेगळं आणि त्याच्या जातीच्या, धर्माच्या सगळ्यांना शिक्षा करा, हे वेगळं. एका वेलाला मर लागली म्हणून कोणी शहाणा शेतकरी अख्खी बाग पेटवत नाही.

जिथे जमलं तिथे काय केलं?

स्पेनने चुका केल्या तशा काही गोष्टी बऱ्याही केल्या. त्या सांगितल्या नाहीत तर गोष्ट अर्धी राहील.

पहिली गोष्ट गावच्या नोंदवहीची. तिथे प्रत्येक नगरपालिकेत रहिवाशांची एक वही असते, तिला 'पाद्रोन' म्हणतात. कागदपत्र असो नसो, जो गावात राहतो त्याने नाव नोंदवायचं. २००० च्या कायद्याने या नोंदीवर दवाखान्याची दारं उघडली. २०१२ मध्ये हा हक्क आखडता घेतला, २०१८ मध्ये पुन्हा दिला. वहीत नाव चढलं की माणूस मोजला जातो, आणि मोजलेल्या माणसाची काळजी घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट २००५ ची. सरकारने तीन महिन्यांची मुदत दिली. मालकाने कामाचा करार दाखवून मजुराचा अर्ज करायचा, मजुराला परवाना मिळणार. सुमारे पावणेसहा लाख लोकांना असे कागद मिळाले. यात मालकालाही पुढे यावं लागलं, सही करावी लागली, विमा भरावा लागला. चोरटा मजूर हिशेबातला कामगार झाला.

तिसरी गोष्ट धर्माची. १९९२ मध्येच स्पेनने मुस्लिम संघटनांशी करार करून त्याचा कायदा केला. त्यात मुस्लिम पद्धतीचं लग्न, शाळेत धर्माचं शिक्षण या गोष्टींना मान्यता मिळाली. ज्या देशाने कधीकाळी सगळ्यांना हाकलून दिलं, त्याच देशाने ग्रानाडा पडल्याला बरोबर पाचशे वर्षे झाली तेव्हा हा कागद केला. सगळं अंमलात आलं असं नाही, पण कायद्यात जागा झाली.

चौथी, २०२० च्या टाळेबंदीतली. पीक उभं आणि मजूर अडकलेले. तेव्हा सरकारने १८ ते २१ वयाच्या परदेशी तरुणांना शेतात कामाची परवानगी दिली, आणि पुढे त्यांना दोन वर्षांचा परवानाही दिला. संकटात हात धरला, संकट गेल्यावर झटकला नाही.

आज मोरोक्कोत जन्मलेले दहा लाखांवर लोक स्पेनमध्ये आहेत. त्यांची पोरं स्पॅनिश बोलतात, शाळेत एका बाकावर बसतात. तरी सगळं सुरळीत झालं असं मात्र मुळीच नाही. परदेशी लोकांच्या विरोधात बोलणारा व्हॉक्स पक्ष २०१८ च्या प्रांतिक निवडणुकीत एल एहिदोमध्ये पहिला आला. जानेवारी २०२३ मध्ये अल्मेरियातल्याच नीहार भागात मजुरांची एक मोठी झोपडपट्टी बुलडोझर लावून पाडली. आणि जुलै २०२५ मध्ये शेजारच्या मुर्सिया प्रांतात, तोर्रे-पाचेको या शेतीच्या गावात, पुन्हा तेच. ६८ वर्षांच्या एका गृहस्थाला तरुणांनी मारहाण केली. मारहाणीचा म्हणून एक व्हिडिओ फोनवरून फिरला, तो वेगळ्याच घटनेचा निघाला. पण तोवर बाहेरून आलेली टोळकी परदेशी लोकांना शोधत गल्लीतून हिंडत होती. कित्येक रात्री गाव झोपलं नाही.

त्यानंतर महिन्याभरातच त्याच प्रांतात हुमिया नावाच्या द्राक्षाच्या गावात नगरपालिकेने ठराव केला. सरकारी क्रीडांगणावर धार्मिक कार्यक्रम नकोत, म्हणजे ईदची नमाज नको. या ठरावाला विरोध कोणी केला माहीत आहे? स्पेनच्या कॅथलिक बिशपांनी. त्यांना कळलं, आज एकाच्या प्रार्थनेला कुलूप लागलं तर उद्या दुसऱ्याच्याही लागेल.

आता आपल्या बांधावर

बंधूंनो, हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? त्याचं कारण माझंच आहे, आणि ते सांगायला मला कमीपणा वाटतो.

मागच्या एप्रिलमधली, खरड छाटणीची गोष्ट. माझ्या भागातल्या एका बागायतदाराला पेठ-सुरगाण्याकडची नेहमीची टोळी मिळाली नाही. ठेकेदाराने बंगालच्या मालदा जिल्ह्यातली आठ पोरं आणून दिली. नावं मुसलमानाची. काम स्वच्छ, काडी बरोबर डोळ्यावर मोजून मारायची. मोटारीच्या खोलीत राहायची, रात्री भात शिजवायची, गावाकडे फोन करायची. चौथ्या दिवशी गावात बोलवा उठली, हे बांगलादेशी आहेत. आधार कार्डं होती, मालकाने दाखवली. कोणी बघितली नाहीत. पाचव्या दिवशी दुकानदाराने त्यांना तेल-तांदूळ दिलं नाही.

मालक माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, तुम्ही पारावर दोन शब्द बोला. तुमचं ऐकतात लोक." मी काय म्हणालो असेन? "दादा, हा आपल्या खात्याचा विषय नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं निघून गेली. निम्मी बाग तशीच राहिली. दुसरी टोळी मिळायला पंधरा दिवस गेले. खरड छाटणी लांबली की घडनिर्मितीवर परिणाम होतो, हे मीच या पानावर लिहिलेलं आहे. त्या निम्म्या बागेत माल कमी धरला. मालक मला काही बोलला नाही. मी मात्र त्या बांधावरून जाताना खाली बघून जातो.

प्रशिक्षणात साहेबांनी पुढचा फोटो लावला, तेव्हा मला राग आला होता. त्या दिवशी मी वेगळं काय केलं?

म्हणून आज, उशिरा का होईना, खात्याचा विषय समजून पाच गोष्टी सांगतो. बाहेरून मजूर आणणाऱ्याने, मग तो पेठचा असो, बीडचा असो, बिहारचा असो की बंगालचा, आणि देव कोणताही मानत असो, एवढं करावं.

१. टोळी आली की पहिल्या दिवशी प्रत्येकाचं नाव, गाव, फोन वहीत लिहा आणि पोलीस पाटलाला कळवा. यात संशय नाही, ओळख आहे. नाव माहीत असलेल्या माणसाबद्दल अफवा लवकर पसरत नाही.

२. राहायला औषधं-खतं ठेवलेली खोली देऊ नका. पाणी, दिवा आणि संडास द्या. बाया असतील तर आडोसा द्या. एका फवारणीच्या खर्चात बरंच भागतं.

३. मजुरी ठेकेदारासमोर, पण मजुराच्या हातात किंवा खात्यात द्या. दर आधी ठरवा.

४. बरोबर पोरं असतील तर शाळेत घेऊन जा. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. रेशनकार्ड असेल तर 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत आपल्याकडच्या दुकानातही धान्य मिळू शकतं, चौकशी करा.

५. फोनवर काही आलं तर पुढे ढकलण्याआधी विचारा, कुठलं, कधीचं, कोणी पाहिलं? आणि ज्याच्याबद्दल आलं आहे त्यालाही एकदा विचारा. तो तुमच्याच बागेत उभा आहे.

आपल्या द्राक्षाखाली डॉगरिजचा खुंट आहे. तो मूळचा अमेरिकेचा, रानटी जातीचा. खारं पाणी आणि दुष्काळ तो सोसतो, म्हणून वरचा आपला थॉमसन उभा आहे. खुंट आणि काडी एकजीव व्हायची तर दोघांची साल घट्ट टेकवून बांधावी लागते. मधे हवा राहिली की कलम सुकतं. माणसांतही ही मधली हवा आपणच ठेवतो, आणि मग कलम धरलं नाही म्हणून खुंटाला दोष देतो.

पुढची खरड छाटणी येईल. टोळ्या येतील. त्या बागायतदाराला मी सांगून ठेवलंय, यंदा ती मालद्याची पोरं आली तर पहिल्या दिवशी मला बोलाव. पारावर मी येतो. तुम्हीही या.